नवे यंत्र आले की जीनोमचा अहवाल लगेच मिळतो का?

डिसेंबर 2021 मध्ये दुबईहून परतलेल्या प्रवाशांमुळे जुन्नर तालुक्यात ओमायक्रॉनचे रुग्ण सापडले. कोरोना आहे की नाही हे आरटीपीसीआरने चटकन सांगितले, पण तो ओमायक्रॉनच आहे का, हे कळायला जीनोम सिक्वेन्सिंगच्या अहवालाची वाट पाहावी लागे. तेव्हापासून एखाद्या प्रयोगशाळेत नवे, वेगवान सिक्वेन्सिंग यंत्र बसले की ती बातमी होते. नारायणगाव, मंचर किंवा लोणीतल्या रुग्णाला त्या यंत्राचा उपयोग किती, हे समजायचे तर आधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज: आरटीपीसीआर आणि सिक्वेन्सिंग म्हणजे एकच तपासणी.

वस्तुस्थिती: आरटीपीसीआर विषाणूच्या जीनोममधल्या मोजक्या, आधीच ठरवलेल्या जागा शोधते. त्या सापडल्या तर अहवाल पॉझिटिव्ह. सिक्वेन्सिंगमध्ये जीनोमची अक्षरे क्रमाने वाचली जातात. कोरोना विषाणूची सुमारे 30 हजार, क्षयाच्या जीवाणूची सुमारे 44 लाख, तर माणसाची 300 कोटींहून अधिक. काम इतके वेगळे असल्याने दोन्हींचा वेळ सारखा असू शकत नाही. तरी पीसीआरकडून कधीकधी आगाऊ इशारा मिळतो. ओमायक्रॉनच्या एस जनुकातल्या बदलामुळे काही किटमध्ये तेवढा एक भाग उमटत नसे आणि बाकीचे भाग उमटत. असे नमुने बाजूला काढून आधी सिक्वेन्सिंगला पाठवता येत.

गैरसमज: नवे यंत्र जुन्यापेक्षा कितीतरी पट भरभर वाचते.

वस्तुस्थिती: नव्या यंत्राची खरी ताकद एकाच वेळी पुष्कळ वाचण्यात आहे. सर्वाधिक वापरात असलेल्या इल्युमिना पद्धतीत जीनोमचे बारीक तुकडे करून ते फ्लो सेल नावाच्या काचेच्या पट्टीवर चिकटवतात. एका फेरीत प्रत्येक तुकड्याला एक अक्षर जोडले जाते, त्याची चमक कॅमेरा टिपतो आणि मग पुढची फेरी सुरू होते. तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून 150 अक्षरे वाचायची तर 300 फेऱ्या लागतात. रसायन आत सोडणे, छायाचित्र घेणे, धुणे हे प्रत्येक फेरीत आलेच. त्यामुळे हा वेळ एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही.

सुधारणा झाल्या त्या अशा: तुकडे अस्ताव्यस्त बसण्याऐवजी कोट्यवधी सूक्ष्म खळग्यांत ओळीने बसू लागले, चार छायाचित्रांऐवजी दोनांवर काम भागू लागले, रसायने आणि कॅमेरे अधिक जलद झाले. 2014 मध्ये आलेल्या हायसेक एक्स यंत्राला एका खेपेसाठी जवळपास तीन दिवस लागत. 2022 मध्ये जाहीर झालेले नोव्हासेक एक्स प्लस पूर्ण क्षमतेने चालवले, तर सुमारे दोन दिवसांत शंभराहून अधिक मानवी जीनोम वाचते. तीनाचे दोन दिवस झाले, पण संख्या मात्र कित्येक पटींनी वाढली.

गैरसमज: यंत्र जितके मोठे, तितका आपला अहवाल लवकर.

वस्तुस्थिती: अनेकदा उलटेच घडते. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात सिक्वेन्सिंग प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे एका खेपेत 384 नमुने तपासण्याची सोय होती. महामुंबईत नमुन्यांचा ओघ होता, म्हणून ही क्षमता कामी आली. मात्र जिथे आठवड्याला चाळीसच नमुने येतात, तिथे तेच यंत्र अर्धे रिकामे चालवले तर प्रत्येक नमुन्याचा खर्च भडकतो. मंचरच्या बाजारातून वाशीला निघणारा कांद्याचा ट्रक भरेपर्यंत थांबतो, तशीच प्रयोगशाळाही खेप भरायची वाट पाहते. थोडे आणि तातडीचे नमुने असतील तर छोटे यंत्रच लवकर निकाल देते.

घाईच्या कामासाठी नॅनोपोर ही वेगळी पद्धतही आहे. त्यात डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून जाताना विजेच्या प्रवाहात होणारा बदल मोजतात, त्यामुळे वाचन सुरू होताच माहिती येऊ लागते. जानेवारी 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने याच पद्धतीने एका रुग्णाचा जीनोम 5 तास 2 मिनिटांत वाचल्याचे जाहीर केले. पण त्यासाठी एका माणसापुरते 48 फ्लो सेल एकाच वेळी लावले होते. हा वेग रोजच्या कामात परवडणारा नाही.

गैरसमज: उशीर होतो तो जुन्या यंत्रामुळेच.

वस्तुस्थिती: यंत्राचे काम ही साखळीतली एकच कडी आहे. स्वॅब घेणे, थंड ठेवून पाठवणे, नोंदणी, आरएनए वेगळे करणे, वाचनासाठी तुकड्यांची ‘लायब्ररी’ तयार करणे, मग यंत्र, त्यानंतर संगणकावर तुकडे जुळवणे आणि शेवटी तज्ज्ञाने निकाल पडताळणे, असा तो क्रम असतो. स्वॅबमध्ये विषाणू पुरेसा नसेल, म्हणजे सीटी मूल्य साधारण 30 च्या वर असेल, तर जीनोमचे काही भाग वाचलेच जात नाहीत. मग उत्तम यंत्रही अर्धवटच अहवाल देते.

हे आपण अनुभवले आहे. डिसेंबर 2020 मध्ये इन्साकॉग हे प्रयोगशाळांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले. सुरुवातीच्या 10 प्रयोगशाळांपैकी दोन पुण्यातच होत्या: राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. बाधितांपैकी 5 टक्के नमुने तपासायचे असे ठरले होते, पण प्रयोगशाळांपर्यंत त्याहून फार कमी पोचले. पुढे डेल्टा ज्यातून ओळखला गेला, त्या बी.1.617 कुळाचे सुरुवातीचे नमुने महाराष्ट्रातले, ऑक्टोबर 2020 चे होते. केंद्र सरकारने या कुळाची, म्हणजे ‘डबल म्युटंट’ची, माहिती जाहीर केली 24 मार्च 2021 रोजी, म्हणजे दुसरी लाट उसळल्यावर. यंत्रे होती. त्यांच्यापर्यंत पुरेसे नमुने वेळेत पोचवणारी आणि निकाल निर्णयापर्यंत नेणारी व्यवस्था तोकडी पडली.

क्षयरोगातही असेच होते. संपूर्ण जीनोम वाचण्यासाठी बहुधा थुंकीतला जीवाणू आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागतो आणि त्याला काही आठवडे जातात. तिथे यंत्राने वाचवलेला एक दिवस नगण्य ठरतो. थेट थुंकीतून औषधरोधाची ठरावीक जनुकेच वाचणाऱ्या तपासणीची जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये शिफारस केली, ती म्हणूनच मोलाची आहे.

गैरसमज: नवे यंत्र बसवले की दुसऱ्या दिवसापासून अहवाल सुरू.

वस्तुस्थिती: आधी ओळखीचे नमुने नव्या यंत्रावर चालवून जुन्या निकालांशी ताडून पाहावे लागतात, कारण प्रत्येक पद्धतीच्या चुका वेगळ्या असतात. दोन छायाचित्रांच्या पद्धतीत ‘जी’ हे अक्षर चमकतच नाही. त्यामुळे संकेत मंदावला तर यंत्र नसलेला ‘जी’ वाचू शकते. संगणक प्रणाली त्यानुसार बदलली नाही, तर चुकीचे उत्परिवर्तन अहवालात शिरेल. शिवाय एका मानवी जीनोमची कच्ची माहितीच सुमारे 100 गिगाबाइट भरते. ती साठवायला जागा आणि तपासायला प्रशिक्षित माणसे नसतील, तर वाचून झालेले जीनोम संगणकात अडकून पडतात.

गैरसमज: प्रत्येक रुग्णाचे सिक्वेन्सिंग व्हायला हवे.

वस्तुस्थिती: कोरोनाच्या बहुतेक रुग्णांचे उपचार विषाणूच्या प्रकारावर अवलंबून नव्हते. ताप, ऑक्सिजनची पातळी, वय आणि सहव्याधी पाहून ते ठरत. तिथे सिक्वेन्सिंगचा उपयोग साथ कुठे वळते आहे हे ओळखण्यासाठी होता आणि त्याकरिता सर्व तालुक्यांतून नियमित, निवडक नमुने पुरतात. निदान न झालेल्या दुर्मीळ आजाराने अत्यवस्थ असलेले नवजात बाळ किंवा औषधांना दाद न देणारा क्षय, इथे मात्र अहवाल थेट उपचार बदलू शकतो. वेगावर पैसा खर्च करायचा तो आधी अशा ठिकाणी.

नव्या यंत्रांना विरोध करण्याचे कारणच नाही. ती हवीतच. पण यंत्राच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवताना लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य खात्याला एक हिशेब मागायला हवा: लोणीत स्वॅब घेतल्यापासून अहवाल गावातल्या डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत किती दिवस लागतात आणि त्यांतले यंत्राचे किती? प्रत्येक टप्प्याची तारीख नोंदवून ती दरमहा जाहीर केली, तर पुढचा पैसा यंत्रावर खर्चायचा, नमुने नेणाऱ्या गाडीवर की माणसांच्या प्रशिक्षणावर, हे आपोआप स्पष्ट होईल.