फाइलींची नक्कल आणि तिचा पडताळा

प्राथमिक शाळेच्या दप्तरात नकलेचे महत्त्व किती, हे शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. शाळा सोडल्याचा दाखला देताना मुख्याध्यापक दाखल-खारीज नोंदवहीतील नोंद उतरवून घेतात, उतरविलेला मजकूर मुळाशी ताडून पाहतात आणि मगच त्यावर सही करतात. उतरविणे, ताडणे व सही करणे या तिन्ही क्रिया मिळून नक्कल अस्सलबरहुकूम ठरते. एका संगणकातील फाइल दुसऱ्या संगणकात पाठविताना मात्र कित्येकदा पहिल्या क्रियेवरच काम थांबते. पडद्यावर फाइलीचे नाव दिसले की ती पोहोचली, असे मानले जाते. हा समज का धोक्याचा आहे आणि तीनही क्रिया संगणकावर कशा पार पाडाव्यात, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्यात या विषयास विशेष महत्त्व आहे. वाशीम हा १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता. पुढे तो अकोला जिल्ह्यात समाविष्ट झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. साहजिकच जुन्या शाळांच्या नोंदवह्यांवर अकोला जिल्ह्याचे नाव आढळते. जन्मतारखेच्या वा जातीच्या पुराव्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधीत माणसे शाळेच्या दारी येतात. नोंदवह्यांचा कागद जीर्ण होत जातो, म्हणून पानांची स्कॅन केलेली चित्रे संगणकात ठेवली जातात. परंतु संगणकाची डिस्कही एके दिवशी निकामी होते. तेव्हा दुसऱ्या संगणकात एक प्रत असावयासच हवी, आणि ती प्रत खरी आहे याची खात्रीही हवी.

या कामी पेन ड्राइव्ह सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो हरवतो, आणि एका संगणकातील विषाणू दुसऱ्यात नेतो. दोन संगणक केबलने वा एकाच वाय-फायने जोडलेले असतील, तर फाइल थेट पाठविता येते. यास इंटरनेट लागत नाही व डेटाही खर्च होत नाही. समजा, ४०० पानांची चित्रे आहेत व प्रत्येक चित्र २ मेगाबाइटचे आहे. एकूण ८०० मेगाबाइटांचा हा भार सेकंदास १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून सुमारे सव्वा मिनिटात पलीकडे जातो.

ही विद्या आपल्या देशास नवी नाही. कानपूरच्या आय.आय.टी.तून पदवी घेतलेले अभय भूषण यांनी १९७१ साली अमेरिकेत एम.आय.टी. येथे असताना एफटीपी या फाइल-प्रेषणपद्धतीचा पहिला आराखडा लिहिला. भारतात १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आय.आय.टी. या त्यातील सहभागी संस्था होत्या. तेथील पहिली संगणकीय टपाल यूयूसीपी या पद्धतीने जात असे. एका यंत्रातील फाइलीची नक्कल दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या यंत्रात करणे, हेच तिचे स्वरूप होते. पुढे १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई यांमध्ये सेकंदास ९,६०० बिटांची तार जोडली गेली. वरील ४०० पाने त्या तारेवरून पाठवावयाची तर पावणेआठ दिवस लागले असते. वेग वाढला, परंतु ताडून पाहण्याचे काम त्याने कमी झालेले नाही.

एफटीपीत परवलीचा शब्द उघडाच जातो. वाटेत कोणी कान देऊन बसला तर तो त्यास कळतो. फिनलंडमधील एका विद्यापीठात असाच प्रकार घडल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही गुप्तलिपीतून संभाषण करणारी पद्धत निर्माण केली. तिच्याच आधाराने एससीपी ही नक्कल करण्याची आज्ञा चालते. लिनक्समध्ये ती सहसा असतेच, आणि विंडोज १० मध्ये २०१८ पासून समाविष्ट आहे. मात्र ज्या संगणकात फाइल जावयाची, त्यात एसएसएचची स्वीकारसेवा चालू करून ठेवावी लागते. हे काम जाणकाराकडून एकदा करवून घ्यावे.

आज्ञा लिहिण्याची खिडकी विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ व लिनक्समध्ये ‘टर्मिनल’ या नावाने असते. माउसने फाइल ओढून टाकणे हा तोंडी निरोप होय. लिहिलेली आज्ञा हा लेखी आदेश होय. तो पुन्हा वाचता येतो, जपून ठेवता येतो आणि दुसऱ्या शाळेतील शिक्षकास जसाच्या तसा देता येतो.

आज्ञेचे तीन भाग असतात : काय करावयाचे, कोठून आणि कोठे. प्रथम एस, सी, पी ही तीन लहान इंग्रजी अक्षरे. एक जागा सोडून पाठवावयाच्या फाइलीचे नाव. पुन्हा जागा सोडून पलीकडील संगणकावरील वापरकर्त्याचे नाव, त्यास लागून ई-मेलच्या पत्त्यात असते ते ‘अ‍ॅट’चे चिन्ह, मग त्या संगणकाचा पत्ता, त्यास लागून विसर्गासारखी दोन टिंबे आणि शेवटी फोल्डरचे नाव. संपूर्ण फोल्डर पाठवावयाचे असल्यास आज्ञेच्या नावानंतर जागा सोडून आडवी रेघ व तीस जोडून लहान ‘आर’ लिहावा. पुढे परवलीचा शब्द विचारला जातो. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजू नये; शब्द इतरांस दिसू नये म्हणून ही योजना आहे.

येथे दोन धोके ध्यानात ठेवावेत. पहिला, त्या दोन टिंबांचा. ती राहून गेली तर संगणक त्या पत्त्यालाच फाइलीचे नाव समजतो आणि त्या नावाची नक्कल आपल्याच संगणकात करून ठेवतो. चूक झाल्याचे तो सांगत नाही. शिक्षकास वाटते, फाइल गेली. ती मात्र घरीच असते. दुसरा धोका, काम मध्येच तुटण्याचा. वीज गेली वा केबल निघाली तर पलीकडे अपुरी फाइल त्याच नावाने राहू शकते. नाव दिसते, म्हणून फाइल पूर्ण आहे, असे मुळीच नाही.

दर आठवड्यास नवी पाने जमत असतील तर आर-सिंक ही आज्ञा अधिक सोयीची आहे. आर, एस, वाय, एन, सी अशी तिची अक्षरे होत. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ती १९९६ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केली. बहुतेक लिनक्स संगणकांवर ती मिळते. फाइलीचे आकारमान व बदलाची वेळ पाहून ती नव्या वा बदललेल्या फाइलीच पाठविते. हुशार कारकून संपूर्ण वही पुन्हा न उतरविता नव्या नोंदी तेवढ्या उतरवितो, तद्वत्. शिवाय फाइल पूर्ण आल्याखेरीज ती तिला खरे नाव देत नाही, हा तिचा मोठा गुण.

या आज्ञेस ‘एन’ हे अक्षर आडव्या रेघेसह जोडले असता ती प्रत्यक्षात काहीही न पाठविता काय पाठविले जाईल एवढेच दाखविते. महत्त्वाच्या कामापूर्वी ही रंगीत तालीम अवश्य करावी. याउलट ‘डिलीट’ हा पर्याय नवशिक्याने वापरू नये. मूळ जागी नसलेले सर्व काही तो पलीकडूनही पुसून टाकतो. कोठून व कोठे यांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या फोल्डरच्या बरोबरीने भरलेले फोल्डरही रिकामे होईल.

आता ताडणे. दोन्हीकडील फाइलींची संख्या व आकारमान मोजून पाहणे ही पहिली पायरी. पक्की खात्री शा-२५६ या गणिती ठशाने होते. लिनक्सवर शा-२५६-सम व विंडोजवर सर्टयुटिल या आज्ञेने फाइलीचा ६४ अक्षरांचा ठसा निघतो. फाइलीत एक टिंब जरी बदलले तरी ठसा संपूर्ण वेगळा येतो. दोन्ही संगणकांवरील ठसे जुळले, म्हणजे नक्कल मुळाशी जुळली. चारशेही फाइलींचे ठसे एका आज्ञेत काढून यादीरूपाने जपता येतात.

राहिली सही. एक साधी वही ठेवावी आणि तीत दिनांक, फोल्डरचे नाव, फाइलींची संख्या, ठसे जुळले की नाही व करणाऱ्याची सही असे रकाने आखावेत. आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या शिक्षकास हे जड नाही. या फाइलींत बालकांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांकही असू शकतात. अशा माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. म्हणून परवलीचा शब्द भिंतीवर चिकटवू नये, आणि काम संपताच दुसऱ्याच्या संगणकातील अनावश्यक प्रत काढून टाकावी.

केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेत दोन संगणक जोडून ‘सराव’ नावाच्या फोल्डरवर हे सर्व करून पाहावे. त्यात खऱ्या नोंदी ठेवू नयेत. दोन-चार चित्रे पुरेत. एकदा मुद्दाम दोन टिंबे गाळावीत, एकदा मध्येच केबल काढावी, आणि पलीकडे काय उरते ते सर्वांनी पाहावे. गावातील एखाद्या मुलाचे पुढील शिक्षण पणजोबांच्या एका ओळीच्या नोंदीवर अवलंबून असू शकते. ती ओळ दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी सारखी, असली पाहिजे.