इंजिनाचा रंग: समजुती आणि दाखले

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोक पत्र्याच्या रंगाबाबत जितके चिकित्सक असतात, तितकेच इंजिनाच्या रंगाबाबत भोळे असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. कारण शेव्हरोलेट म्हणजे नारिंगी आणि फोर्ड म्हणजे निळे, ही समजूत गॅरेजागॅरेजांतून वेदवाक्याच्या योग्यतेस पोहोचली आहे. वस्तुतः फोर्डने आपल्या इंजिनांना सरसकट निळा रंग देण्याचा शिरस्ता 1966च्या मॉडेलांपासून पाडला. आदल्याच वर्षीच्या मस्टँगमध्ये 289 घनइंची इंजिनाचा ब्लॉक काळा असून टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनर मात्र सोनेरी असत. शेव्हरोलेटचा नारिंगी तर 1955च्या मॉडेलातील व्ही-8 इंजिनामुळे प्रसिद्धीस आला आणि 1977मध्ये जनरल मोटर्सच्या सामायिक निळ्याने त्यास पदच्युत केले. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात शेव्हरोलेट गाड्यांची जुळणी 1928पासून 1954पर्यंत चालली, सबब तेथून बाहेर पडलेल्या गाडीस त्या व्ही-8चा नारिंगी चढवणे हा निव्वळ कालविपर्यास होय. त्या काळातील 216 घनइंची सहा सिलिंडरांचे इंजिन करड्या रंगाचे असे.

रंगाचा हुकूम गाडीवरील पाटीत सापडतो, हाही असाच एक भ्रम. त्या पाटीतील संकेतांक बॉडीच्या आणि आतील सजावटीच्या रंगाचे असतात, इंजिनाविषयी ती मौन पाळते. शेव्हरोलेटच्या व्ही-8 इंजिनात उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकवरील सपाट जागी कारखान्याचे आद्याक्षर, महिना, दिवस आणि उपयोगदर्शक अक्षरे ठोकलेली असतात, आणि खरा दाखला तो. अमेरिकेत 1966चे मॉडेल 1965चा उन्हाळा सरता सरताच तयार होऊ लागे, हे ध्यानी घेता नोंदणीपुस्तकातील सालापेक्षा इंजिनाच्या जन्मतिथीस अधिक वजन द्यावे लागते.

ब्लॉकवर आज दिसतो तोच मूळ रंग, असे मानणाऱ्यांची मला खरोखर कीव येते. तीस-चाळीस वर्षांच्या उष्णतेने आणि तेलाने कोणताही रंग काळवंडतो. शिवाय ओव्हरहॉल करणाऱ्या मिस्त्रीने हाती आलेल्या डब्यातील रंग फासलेला असण्याचा संभव असतोच. म्हणून वॉटर पंप किंवा फ्युएल पंप उतरवावा, इंजिनाच्या माउंटिंगचा कंस सोडवावा, त्यामागील चिकट काजळी रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने पुसावी आणि मग बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हलक्या हाताने घासत जावे: प्रथम वरचा चकचकीत थर, त्याखाली बहुधा दुसऱ्या कोणाची कारागिरी, आणि अखेरीस बिडाला लागून असलेला पातळ मूळ रंग, असा एकेक थर कडेकडेने उलगडतो. कंसाखाली तेल फारसे न पोहोचल्यास तेथील छटा बरीचशी शाबूत असते. वर्णमापक यंत्र लावायचे तर ते येथे लावावे. उघड्या पृष्ठभागावर ते फक्त कळकटपणाचे बिनचूक मोजमाप देईल. जुन्या छायाचित्रावरून किंवा संगणकाच्या पडद्यावरून शेड ठरवणे तर त्याहून बेभरवशाचे.

बाजारातील डब्यावर कंपनीचे नाव छापलेले असले की शेड हुबेहूब, हा समज व्यापाऱ्यांच्या सोयीचा आहे. एकाच नावाचे दोन उत्पादकांचे नारिंगी शेजारी धरले तर एक तांबडसर आणि दुसरा पिवळसर निघू शकतो, आणि खालचा प्रायमर बदलला तरी छटा हलते. तेव्हा पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वाळवून, उन्हात ताडून पाहिल्यावाचून ब्लॉकला हात लावू नये.

तथापि सर्वांत हट्टी गैरसमज गुळगुळीतपणाचा आहे. कारखान्यात हा रंग मुख्यतः बिडाचा गंज टाळण्यासाठी, जोडलेल्या इंजिनावर घाईघाईने फवारला जाई, त्यामुळे कित्येक शेव्हरोलेट इंजिनांत नारिंगीचे शिंतोडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही उडत आणि गाडी थोडी चालताच जळून जात. 1974मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाड्यांची परीक्षा कारखान्यातून बाहेर पडतानाच्या स्थितीशी ताडून करते. लांबी भरून, घासून, वर पारदर्शक लेप देऊन आरशासारखे केलेले इंजिन दिसण्यास कितीही देखणे असो, अशा परीक्षणात त्याचे गुण कापले जातात.