गाडीची वही कोणाकडे?

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची अधिकृत अखेर 30 ऑक्टोबर 2023 रोजी झाली. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत झाली होती आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे, तेव्हा हिशेब सरळ होता. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागची ऐसपैस सीट यांच्या आठवणी भरपूर छापून आल्या. पण त्या टॅक्सीबरोबर मोटारींची एक जातच संपत आली, स्वतःबद्दल काहीही लक्षात न ठेवणारी. तिच्याविषयी फारसे कुणी बोलले नाही.

1089 सीसीच्या त्या गाडीत टिकून राहणारी नोंद एकच, किलोमीटरच्या मीटरची. त्या काळच्या बहुतेक मीटरांना आकडे पाचच. 99,999 झाले की पुन्हा शून्यापासून. केबल काढली की मीटर गप्प, आणि विकायच्या वेळी तो मागे फिरवणारे हात प्रत्येक गावात होते. बाकीचा इतिहास गाडीबाहेर असे. थोडा मालकाच्या वहीत: पेट्रोल किती लिटर भरले, ऑइल कधी बदलले, ॲव्हरेज किती पडले. उरलेला मिस्त्रीच्या कानात. बॉनेट उघडायचे, बोटाने ॲक्सिलरेटर ओढायचा आणि ऐकायचे. ‘मिसिंग करतेय, पॉइंट गेलेत’ किंवा ‘टॅपेट वाजतायत’ हे निदान तिथल्या तिथे व्हायचे. मग पॉलिश पेपरने पॉइंट घासणे, कार्बोरेटरचा जेट फुंकणे, प्लगची गॅप बसवणे. घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली तर इंधनपंपावर ओले फडके ठेवून बसायचे.

हे सगळे आता रम्य वाटते ते लांबून. खंडाळ्याच्या चढावर, मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना, त्यात रम्य काहीच नव्हते. शिवाय मिस्त्रीचा कान चुकला तर त्याला तपासणारे दुसरे काही नव्हते.

डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने देखभालीची कटकट पुष्कळ कमी केली, पण तिलाही कार्बोरेटरच होता. खरा बदल घडवला तो धुराच्या नियमांनी. 2000 च्या आसपास नियम कडक होऊ लागले, तसे पेट्रोल सेन्सरच्या सांगण्यावरून मोजून फवारणारी एमपीएफआय इंजिने आली आणि त्यांना हुकूम देणारी ईसीयू ही डबी आली. गाडीला स्मरणशक्ती आली ती अशी, मालकाच्या सोयीचा विचार करून नव्हे. नियंत्रणाची डबी बिघडली तर धूर वाढणार, तेव्हा तिने आपला बिघाड स्वतःच टिपून ठेवावा, ही त्यामागची अपेक्षा.

अमेरिकेने 1996 च्या मॉडेलपासून सगळ्या कंपन्यांना स्टिअरिंगखाली एकाच नमुन्याचे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकच कोडभाषा लावून दिली. आपल्याकडे हे बीएस-4 या धुराच्या नियमांबरोबर आले. एप्रिल 2010 मध्ये ते दिल्ली परिसर आणि 13 शहरांपुरते होते. महाराष्ट्रातली त्यात तीन: मुंबई, पुणे आणि सोलापूर. नाशिक, नागपूर नाही आणि सोलापूर मात्र आहे, हे वाचून तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. गाडीने स्वतःचा बिघाड टिपण्याच्या या व्यवस्थेची, म्हणजे ओबीडीची, दुसरी, अधिक कडक पायरी 2013 ला आली, 2017 मध्ये बीएस-4 देशभर झाले आणि 2020 ला थेट बीएस-6.

या व्यवस्थेत ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो तेव्हा कोड नोंदला जातोच, शिवाय त्या क्षणाचे वेग, फेरे, पाण्याचे तापमान असे तपशीलही साठवले जातात. गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी चालली तरी घाटात तिने काय केले ते कळते. मिस्त्रीच्या कानाला हे कधीच जमले नसते.

पण कोड हे निदान नाही, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपली सर्वांत मोठी गल्लत इथेच झाली आहे. पी0171 चा अर्थ एवढाच की इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. कारण चिरलेला व्हॅक्यूम पाइप असू शकेल, थकलेला इंधनपंप असेल, मळलेला हवामापक असेल. कितीतरी ठिकाणी मात्र पहिला बदलला जातो तो ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे ज्याने बातमी दिली त्यालाच शिक्षा. चांगला मिस्त्री आजही स्कॅनर लावतो आणि मग बॉनेटखाली कान देतो. असा मिस्त्री मिळाला तर सोडू नये.

त्याच्या हातात नीट स्कॅनर पडणेही सोपे नव्हते. धुरासंबंधीचे कोड कोणत्याही स्वस्त यंत्रावर दिसतात. एबीएस, एअरबॅग, चावी यांच्यासाठी कंपनीचे यंत्र लागते आणि ते बाहेरच्या गॅरेजला मिळत नसे. सुटे भाग व अशी यंत्रे अडवून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण प्रश्न नोंदवला गेला: गाडी माझी, तर तिची वही कंपनीच्या कुलपात का?

पुढच्या डब्यांनी तो प्रश्न अधिक टोकदार केला. जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. एअरबॅगची डबी अनेक गाड्यांत अपघातापूर्वीचे काही सेकंदही जपते: वेग, ब्रेक, सीटबेल्ट. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही नोंद बंधनकारक आहे. अमेरिकेने 2015 मध्येच कायदा करून ती मालकाची किंवा गाडी भाडेपट्ट्याने घेणाऱ्याची ठरवली. आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा सर्वसाधारण आहे. मोटारीचे नाव त्यात वेगळे नाही. त्यातच 2019 पासून अंगभूत सिमकार्डाच्या गाड्या आल्या आणि नोंदी गाडीतून थेट कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागल्या. कुठे गेलात, किती जोरात ब्रेक मारलात, सगळे तिथे. गाडी घेताना ‘मान्य’वर बोट ठेवलेले असते, वाचलेले कुणी नसते.

जुन्या वहीकडे परत जाण्यात अर्थ नाही. आजच्या गाड्या रस्त्यात क्वचितच बंद पडतात, त्यात या डब्यांचाही वाटा आहे. मालकाने आपला हक्क मात्र मागायला हवा. पुढच्या सर्व्हिसिंगला बिलाबरोबर स्कॅनचा छापील अहवाल मागा, कोड पुसण्याआधीचा. जुनी गाडी घेताना मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत किलोमीटर दुसऱ्या डब्यांतही नोंदलेले असतात, ते पडताळून घ्या. आणि गाडी विकताना आरसीबरोबर ॲपचे खातेही तोडा, स्क्रीनमधले फोननंबर आणि घराचा पत्ता पुसा.