पिकअप गाडी, ट्रेलर व भाराचा हिशेब

बैलबंडीत माल किती भरला एवढेच पाहून भागत नाही, तो कोठे ठेवला हेही पाहावे लागते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मागे जास्त भरला तर बंडी उलार होते व जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त भरला तर माना सोलून निघतात. पिकअप गाडीमागे जोडलेल्या दोन चाकांच्या ट्रेलरास हाच नियम लागू आहे. मात्र इंजिनाची मान सोललेली दिसत नाही! मनीषनगरापलीकडे बेसा-घोगलीच्या बाजूस ज्यांची शेती आहे, त्यांना संत्र्याच्या हंगामात या विषयाची माहिती असणे अगत्याचे होय.

‘गाडी ओढते, त्याअर्थी भार झेपतो’ हा समज चुकीचा आहे. ओढण्याची शक्ती निराळी. आणि आस, टायर, स्प्रिंगा व ब्रेक यांची सोसण्याची मर्यादा निराळी. ती नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनात सांगितलेली असते. समजा, गाडीचे रिकामे वजन १,७०० किलो व एकूण मर्यादा ३,००० किलो आहे. बाकी १,३०० किलो सगळी मालाची नव्हे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक व मदतनीस धरलेले नसतात. त्या दोघांचे १४० किलो वजा जाता १,१६० उरतात. क्रेटसह २२ किलोप्रमाणे ५२ क्रेट झाले.

आता मागे मालासह १,००० किलोचा ट्रेलर जोडला. सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १०० किलो, हुकावर यावयास पाहिजे. फार कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावतो. परंतु हे १०० किलो गाडीच्याच खाती पडतात, सबब चार क्रेट उतरविणे भाग आहे. शिवाय हूक मागील आसाच्याही मागे असतो. दोन आसांत ३ मीटर व आसापासून हुकापर्यंत १.२ मीटर अंतर धरल्यास मागील आसावर १४० किलो वाढतात आणि पुढील आसावरचे ४० किलो कमी होतात. पुढची चाके अशी हलकी झाली की सुकाणू नीट धरत नाही.

मनीषनगराच्या उड्डाणपुलाच्या उतारावर ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीस मागून ढकलतो. वेग दुप्पट झाला की थांबण्यास ब्रेकचे अंतर सुमारे चौपट लागते. म्हणून गाडी व ट्रेलर मिळून किती वजन चालेल, हे कारखानदाराच्या पुस्तकात पाहावे. तेथे आकडा नसेल तर ट्रेलर जोडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ट्रेलरची नोंदणीही स्वतंत्र लागते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड ठेवला आहे. माल उतरविण्याचा खर्च वेगळाच.

हुकावरचा भार धर्मकाट्यावर सहज कळतो. प्रथम भरलेली गाडी एकटी तोलावी. मग ट्रेलर जोडून, त्याची चाके काट्याबाहेर ठेवून, पुन्हा तोलावी. दोन वजनांतील फरक तोच हुकावरचा भार. तो फार भरला तर ट्रेलरातील क्रेट थोडे मागे सरकवावेत, कमी भरला तर पुढे घ्यावेत, आणि पुन्हा एकदा काट्यावर चढावे.