टेल्कोची जुनी सफारी

पिंपरी-चिंचवडमध्ये टाटा मोटर्सला अजूनही टेल्कोच म्हणतात. कंपनीचं नाव २००३ मध्ये बदललं, पण टेल्को रोड आणि टेल्कोतून निवृत्त झालेले काका तसेच राहिले. टेल्कोचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी उजाड माळावर झाडं लावून, तळं खोदून हा कारखाना उभा केला. इथूनच १९९१ साली सिएरा बाहेर पडली, पुढच्या वर्षी इस्टेट, १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी. या सगळ्यांचं मूळ १९८८ च्या टाटामोबाइल पिकअपमध्ये आहे. खाली शिडीसारखी भक्कम चासी, वर बॉडी, आणि काही मॉडेलांत चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर यंत्रणा, अशी ही जात.

२०१९ मध्ये सफारी स्टॉर्म बंद झाली. २०२१ मध्ये त्याच नावाने आलेली सफारी चांगली गाडी आहे, पण तिची बांधणी निराळी. स्वतंत्र चासी नाही, ताकद फक्त पुढच्या चाकांना. त्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) आणि लो गिअर असलेली सफारी हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते. चाकणच्या महिंद्रात बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनमध्ये फोर बाय फोर मिळते, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखाही आहे, पण नव्या गाडीची किंमत सगळ्यांना झेपत नाही. शिवाय आपल्या गावात जन्मलेल्या यंत्राबद्दल एक माया असते, ती मी लपवणार नाही.

या पट्ट्यात जुनी सफारी बाळगायचं खरं कारण मात्र मायेपलीकडचं आहे. भोसरी, चिखली, तळवडे ते चाकण, म्हाळुंगेपर्यंत लेथ, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग यांचे छोटे कारखाने पसरले आहेत. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवता पुरवता इथे एक अख्खी पिढी कारागीर झाली. एखादा बुश बाजारात मिळाला नाही, तर जुना बुश आणि ज्यात तो बसतो ते हाऊसिंग दोन्ही घेऊन जायचं. टर्नर व्हर्निअर लावतो, झिजलेली बाजू सोडून न झिजलेल्या कडेवरचं माप धरतो, कुठला धातू हे विचारतो आणि दुसऱ्या दिवशी बुश हातात देतो. दुसऱ्या शहरात याच कामासाठी सगळी असेंब्ली बदलायला सांगतात. पंधरा वर्षांची गाडी परवडते की नाही, हे बऱ्याचदा एवढ्या एका फरकावर ठरतं.

जुन्या मालाची बाजारपेठ मात्र विस्कटली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो शेड आणि गोदामं पाडली. तिथे भंगाराबरोबर लहान वर्कशॉपही होती. काही जण चाकण-आळंदीच्या बाजूला सरकले, काहींनी धंदाच बंद केला. त्यामुळे आता दुकानाचा पत्ता असून भागत नाही, माणसाचा फोन नंबर ठेवावा लागतो.

गाडी बघायला जाताना बहुतेक लोक बोनेट उघडून इंजिन बघतात आणि मग आतले सीट. मी म्हणेन, आधी खाली झोपा. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या टॉर्चच्या उजेडात पुढून मागपर्यंत बघा. गंजाचे पापुद्रे, नव्या काळ्या रंगाखाली लपवलेली वेल्डिंग, बॉडी जिथे चासीवर बसते तिथले चिरलेले रबर बुश या खुणा गाडीचा इतिहास सांगतात. समुद्रकाठी राहिलेली गाडी वरून चकाचक असली तरी खालून कुजलेली असू शकते. इंजिनाचं काम पैसे टाकून होतं. कुजलेल्या चासीचं होत नाही.

इंजिनांत मला २००७ नंतरचं २.२ लिटर डायकोर बरं वाटतं. १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क ही आकडेवारी दोन टनांच्या गाडीला पुरेशी आहे. त्याआधी २००५ मध्ये आलेलं ३ लिटर इंजिन आणि १९९८ चं २ लिटर टर्बो डिझेल यांचेही चाहते आहेत, पण रोज नाशिक फाट्याच्या गर्दीतून जायचं असेल तर २.२ घ्यावी. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करून बघा. आतून धुराचा जोरदार फुत्कार येत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे. पहिला स्टार्ट पूर्ण थंड इंजिनावर तुमच्यासमोर झाला पाहिजे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत जा.

मग मुख्य परीक्षा, फोर बाय फोरची. ती खडीवर किंवा मातीवरच करायची. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात; मातीवर चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टच्या जॉइंटवर येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. हे न कळल्यामुळे कित्येक ट्रान्सफर केस हायवेवर मेल्या. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. विकाऊ गाडीला पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर दिसले, तर आधीचा मालक काय समजून गाडी चालवत होता ते कळतं.

भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस उघडलेली पाहिली, ते दृश्य सविस्तर सांगण्यासारखं आहे. ॲल्युमिनियमची पेटी दोन भागांत सुटली. आत रुंद चेन, तीच पुढच्या शाफ्टला ताकद नेते. मिस्त्रींनी चेन मधोमध अंगठ्याने दाबली. ती जरा जास्तच खाली गेली. मग त्यांनी गिअर सरकवणारा फोर्क दाखवला. त्याच्या टोकांना प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात. एक टोपी पूर्ण झिजून धातूवर धातू घासत होता. बाहेरची इलेक्ट्रिक मोटर सोडवून बॅटरीला जोडली, तर ती जागची हलेना. "गाडी वापरून नाही, न वापरून खराब झालीये," ते म्हणाले. "मालकांनी चार-पाच वर्षांत स्विच फिरवलाच नाही. महिन्यातून एकदा मातीवर फिरवला असता तर ही वेळ आली नसती." स्विच टू-हायवरून फोर-लोवर गेल्यावर खाली खट् असा आवाज येणं आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर राहणं, या दोन गोष्टींची खात्री केल्याशिवाय टोकन देऊ नये. फोर-लोमध्ये चाकाला मिळणारा जोर सुमारे अडीचपट होतो. तो मिळत नसेल तर फोर बाय फोरचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

कागदांचं आता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, आणि पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, त्यामुळे चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढचा खर्च किमतीत धरा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि तिकडच्या बऱ्याच सफारी इकडे आल्या. अशी गाडी वाईट असतेच असं नाही, पण एनओसी, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, महाराष्ट्राचा कर आणि चासी नंबरचा ठसा या चारही गोष्टी जुळल्याशिवाय व्यवहार करू नका. एमएच-१४ ची गाडी असली की मोशीच्या कार्यालयात निम्मी कामं सोपी होतात.

गाडी घरी आल्यावर लोक आधी बंपर, जाळी, दिवे, स्नॉर्कल यांचे फोटो बघायला लागतात. पहिल्या वर्षाचा खर्च दिसणार नाही अशा जागी झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल, कूलंटचे सगळे होज, ब्रेकच्या रबरी नळ्या, टायमिंगची तपासणी, बॉल जॉइंट, बुश आणि चारही शॉकअप. कंपनीने गाडी जशी बनवली होती तशी ती एकदा चालवून बघा. अनेकांना तेव्हा कळतं की आपल्याला बदल नकोच होता, दुरुस्ती हवी होती.

टायर हा पहिला खरा बदल. डायकोरचं मूळ माप २३५/७० आर १६, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. त्याजागी २४५/७५ आर १६ घातले तर व्यास ७७४ होतो. एवढ्या खटाटोपातून चासी उचलली जाते फक्त १९ मिलिमीटर, कारण व्यासाच्या वाढीतला निम्माच भाग खालच्या बाजूला येतो. बदल्यात स्पीडोमीटरवर शंभर दिसेल तेव्हा गाडी एकशे पाचने पळत असेल, क्लचवर भार वाढेल आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागेल. मूळ मापातच चांगला ऑल-टेरेन टायर घ्या. मावळातल्या पावसाळी मातीत मापापेक्षा टायरची नक्षी आणि हवेचा दाब जास्त उपयोगी पडतात. चिखलात हवा थोडी कमी करायची आणि डांबरावर परतताना कॉम्प्रेसरने पुन्हा भरायची. हा छोटा कॉम्प्रेसर कुठल्याही भपकेदार बंपरपेक्षा कामाचा.

उंची वाढवण्याचं वेड मोठं आहे आणि सफारीत ते फार स्वस्तात भागवता येतं, म्हणूनच धोका आहे. स्टॉर्मच्या आधीच्या सफारीला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे: चासीला समांतर जाणारी पोलादी दांडी, जी पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करते. तिच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पुढची बाजू वर येते. दहा मिनिटांचं काम, सुटा भाग एकही नाही. पण बोल्ट आवळल्याने दांडी कडक होत नाही. तिची सुरुवातीची जागा तेवढी बदलते. विशबोन आधीच खाली झुकलेले राहतात, म्हणून खड्ड्यात चाकाला आणखी खाली जायला जागा उरत नाही. टायर जमीन सोडतो, मग आपटतो. पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंट कायम वाकड्या कोनात फिरतात आणि त्यांचे रबर बूट फाटतात, ग्रीस उडतं, धूळ आत जाते. अलाइनमेंट बिघडतं ते वेगळंच. वर्षानुवर्षांच्या वापराने बसलेली गाडी कंपनीच्या मापावर आणायला हा बोल्ट आहे. दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजून, सपाट जमिनीवर, तेवढंच करावं. मागे कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे लाकडाचे किंवा नायलॉनचे ठोकळे घालू नयेत, थकलेल्या स्प्रिंग बदलाव्यात.

पाण्यातून जायचं म्हणून स्नॉर्कल बसवणाऱ्यांनी अ‍ॅक्सलच्या ब्रीदरचा, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या तोंडाचा, विचार केलेला असतोच असं नाही. लांब चालून तापलेलं अ‍ॅक्सल हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आठवड्याने ड्रेन बोल्ट उघडला की दुधाच्या चहासारखं तेल बाहेर येतं. तोवर बेअरिंग गेलेली असतात. ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक इंजिनाच्या वरच्या भागात नेणं हे काही शे रुपयांचं काम आहे, आणि ते आधी करायचं असतं.

कायद्याबद्दल गॅरेजमध्ये फारसं कोणी बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. पादचाऱ्याला धडक बसली तर तो पाइप जीवघेणा ठरतो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तिचं गणित बिघडवतो. भोसरीत सीआयआरटी आणि चाकणला एआरएआयचं केंद्र आहे. अशा संस्था गाडी तपासतात तेव्हा स्प्रिंग, ब्रेक, टायर आणि दिवे एकत्र तपासतात. आपण त्यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्यांबद्दल कुणीच हमी दिलेली नसते. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हाच मुद्दा काढते.

आणि ही गाडी घेऊन कुठे जायचं? राजगुरुनगरहून वाडा-भोरगिरीचा चासकमानच्या पाण्याकडेचा रस्ता, आंदर मावळातले रस्ते, पवना धरणामागची वळणं यांत सफारी खुलते. भीमाशंकर अभयारण्यात वाट सोडून गाडी घालणं गुन्हा आहे आणि पावसाळ्यात भातखाचरात चाक फिरवणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या अन्नाची नासाडी. शेताच्या बांधावर माणूस दिसला तर थांबून, "दादा, इकडून जाऊ का?" एवढं विचारावं. बहुतेक वेळा ते स्वतः पुढे चालत वाट दाखवतात.

शेवटी सुट्या भागांविषयी, कारण ते काही वर्षांनी अवघड होणार आहे. २.२ लिटरचं इंजिन सुमो ग्रँड, झेनॉन, आरिया आणि नंतर हेक्सामध्येही होतं, म्हणून इंजिनाचे भाग बराच काळ मिळत राहतील. २०१७ मध्ये लष्कराने ३,१९२ सफारी स्टॉर्म मागवल्या, त्यांच्यामुळे स्टॉर्मच्या मालकांना आणखी आधार आहे. अडचण फोर बाय फोरच्या भागांची. मुळात थोड्याच गाड्या तशा बनल्या. ट्रान्सफर केसची मोटर, पुढचे अ‍ॅक्सल शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल आणि बाजूच्या काचा आज कुठे चांगल्या अवस्थेत दिसल्या, तर लगेच गरज नसली तरी घेऊन ठेवा. मोटरवरचं तेल पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती हवाबंद पिशवीत ठेवा, पिशवीवर गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा. शाफ्टला ग्रीस लावून जुन्या कापडात गुंडाळा आणि आडवे ठेवा, भिंतीला टेकवून उभे नकोत.