नियंत्रकाचा यांत्रिक सल्लागार आणि त्याची परीक्षा

आकाश अफाट आहे. परंतु विमानांना त्यात वाटेल तसे संचारता येत नाही. ठराविक मार्ग, नेमून दिलेली उंची आणि इतर विमानांपासूनचे सुरक्षित अंतर ही बंधने पाळूनच त्यांना मार्गक्रमण करावे लागते. जमिनीवरून या सर्वांवर लक्ष ठेवणारा व वैमानिकांना रेडिओवरून सूचना देणारा जो अधिकारी, त्यास हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. रडारच्या टप्प्यात मार्गस्थ असलेल्या दोन विमानांमध्ये सामान्यतः ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९.३ किलोमीटर आडवे अंतर, अथवा निदान १,००० फूट उभे अंतर असलेच पाहिजे, असा दंडक आहे.

हे अंतर ऐकावयास मोठे वाटते. परंतु ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान एका मिनिटात १५ किलोमीटर जाते. समोरासमोर येणारी अशी दोन विमाने दर मिनिटास ३० किलोमीटरने जवळ येतात, आणि ९.३ किलोमीटर अंतर १९ सेकंदांत संपते. म्हणून विमाने आता कोठे आहेत एवढेच पाहून नियंत्रकाचे भागत नाही; ती दहा-पंधरा मिनिटांनी कोठे असतील, याचा हिशेब त्यास मनात मांडावा लागतो. त्याच्या विभागात १५ विमाने असतील, तर त्यांच्या जोड्या १०५ होतात. अनुभवी नियंत्रक त्यांपैकी धोक्याच्या जोड्या झटकन हेरतो. पण मानवी मनाच्या शक्तीलाही मर्यादा आहेच.

या हिशेबात साहाय्य करण्यासाठी जी संगणकीय साधने तयार झाली, त्यांस निर्णयसाहाय्यक साधने म्हणतात. विमानाचा नियोजित मार्ग, रडारवरील स्थान, त्या जातीच्या विमानाचे गुणधर्म आणि वाऱ्याचा अंदाज यांवरून संगणक प्रत्येक विमानाचा भावी मार्ग आखतो. दोन मार्ग नियमापेक्षा अधिक जवळ येणार असे दिसल्यास तो नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा देतो. काही साधने केवळ दोनेक मिनिटे पुढचे पाहतात. ती शेवटच्या क्षणीची सावधगिरी होय. काही बरेच पुढचे पाहतात. इंग्लंडमधील स्वॉनविक येथील केंद्रात २०११ मध्ये कामास लागलेले साधन १८ मिनिटांपर्यंतचा वेध घेते. विमानतळाकडे येणाऱ्या विमानांचा क्रम व वेळ सुचविणारी साधने हा याच कुळातील आणखी एक प्रकार होय.

येथे एक अडचण उभी राहते. भविष्याचा अंदाज कितीही काळजीपूर्वक केला, तरी तो अंदाजच असतो. वाऱ्याच्या वेगाचा अंदाज ताशी केवळ १० सागरी मैलांनी चुकला असे समजा. १८ मिनिटांत त्या चुकीमुळे विमानाच्या अपेक्षित स्थानात ३ सागरी मैलांचा फरक पडेल. राखावयाचे अंतरच ५ सागरी मैल असल्याने हा फरक क्षुल्लक नव्हे. त्यातच, वर चढणाऱ्या विमानाचे नेमके वजन जमिनीवरील संगणकास बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे ते किती वेगाने चढेल, हेही अदमासानेच धरावे लागते.

साहजिकच साधनाकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. खरा धोका असून इशारा न मिळणे ही एक, आणि धोका नसता इशारा मिळणे ही दुसरी. पहिली टाळण्यासाठी साधन अधिक संवेदनशील करावे, तर दुसरी वाढते. वारंवार खोटे इशारे मिळू लागले, म्हणजे ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे नियंत्रकाचा त्यांवरील विश्वास उडतो आणि खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. म्हणून गणित अचूक आहे की नाही एवढे तपासणे पुरेसे नाही. साधन आणि माणूस मिळून काम सुरक्षितपणे करतात की नाही, हा परीक्षेचा खरा प्रश्न आहे.

ही परीक्षा पायरीपायरीने घेतली जाते. प्रथम पूर्वी नोंदलेली खरी वाहतूक संगणकास पुरवून त्याचे अंदाज व प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टी ताडून पाहतात. नंतर प्रशिक्षित नियंत्रकांना कृत्रिम वाहतुकीवर ते साधन वापरावयास देतात. नेहमीच्या वाहतुकीबरोबरच वादळ, धावपट्टी बंद होणे, साधन अचानक निकामी होणे असे कठीण प्रसंगही त्यात मुद्दाम योजतात. नियंत्रकावर किती ताण पडला हे मोजण्यासाठी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली नासाची एक प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. मानसिक श्रम, शारीरिक श्रम, वेळेची निकड, कामगिरी, प्रयत्न आणि वैताग अशी सहा अंगे तीत पाहिली जातात. तिसऱ्या पायरीवर साधन खऱ्या वाहतुकीशेजारी चालू ठेवतात, पण त्याचा सल्ला अमलात आणीत नाहीत. या सर्वांत उतरल्यावरच मर्यादित प्रमाणात त्याचा प्रत्यक्ष वापर सुरू होतो.

अमेरिकेतील डल्लस–फोर्ट वर्थ येथील प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात हाइन्झ एर्झबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानतळाकडे येणाऱ्या वाहतुकीसाठी काही साधने विकसित केली. घडणीच्या काळातच नियंत्रकांना प्रयोगांत सहभागी करून घेण्यात आले. १९९६ मध्ये त्यांपैकी दोन साधनांची खऱ्या वाहतुकीवर चाचणी झाली. एक साधन येणाऱ्या विमानांच्या वेळा आखीत असे. दुसरे त्यांची धावपट्टी व उतरण्याचा क्रम सुचवीत असे. वेग किती ठेवावा, कोठे वळावे, हे मात्र दुसऱ्या साधनाने सांगावयाचे नाही, असे हेतुपुरस्सर ठरविले होते. ते काम नियंत्रकाकडेच राहिले. थोडा सल्ला, आणि तोही पडताळता येईल असा, हे धोरण त्यामागे होते. वेळा आखणारे साधन पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्व २० मार्ग-नियंत्रण केंद्रांत पोहोचले.

साधन बंद पडल्यास काय, हा प्रश्न किती गंभीर आहे हे १ जुलै २००२ च्या रात्री दिसून आले. जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात एक प्रवासी विमान व एक मालवाहू विमान यांची टक्कर होऊन ७१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्या विभागाचे नियंत्रण झुरिचहून होत असे. तेथे यंत्रणेच्या दुरुस्तीमुळे पडद्यावरील धोक्याचा इशारा बंद होता, मुख्य दूरध्वनीही बंद होता आणि एकच नियंत्रक दोन ठिकाणचे काम पाहत होता. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातील पडद्यावर इशारा उमटला. परंतु झुरिचशी दूरध्वनीने संपर्क होऊ शकला नाही. विमानांतील स्वयंचलित यंत्राने प्रवासी विमानास वर जाण्यास सांगितले असता नियंत्रकाने खाली उतरण्यास सांगितले, आणि वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. मालवाहू विमानही आपल्या यंत्राच्या सूचनेनुसार खाली उतरत होते.

या दुर्घटनेचा बोध असा की, साधन एकदा बसविले म्हणजे परीक्षा संपत नाही. ते नसताना काम कसे चालेल, ते बंद आहे हे नियंत्रकास कसे कळेल, आणि दोन सल्ले परस्परविरोधी आल्यास कोणता मानावा, हेही आधी ठरवून शिकविले पाहिजे. आज यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: टक्कर टाळण्यासाठी विमानातील यंत्राने दिलेली सूचना वैमानिकाने नियंत्रकाच्या सूचनेहून वरचढ मानावी. तसेच, नियंत्रकाने साधनाशिवाय काम करण्याचा सराव सोडता कामा नये; न वापरलेले कौशल्य गंजते.

यंत्र थकत नाही आणि १०५ जोड्या क्षणात तपासते. पण ज्याची माहिती त्यास दिलेलीच नाही, ते त्यास दिसत नाही. माणूस थकतो, पण वैमानिकाच्या आवाजातील कंप त्यास कळतो. या दोघांची सांगड सुरक्षित बसली आहे याची खात्री पटेपर्यंत नव्या साधनास नियंत्रण कक्षात जागा न देणे, हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.