फूल, दोन पाने आणि पेडण्याच्या भिंती

गोव्यातल्या ग्राफिक डिझाइनचा इतिहास सांगायला कोणी उभे राहिले की पहिले वाक्य मला आता पाठ झाले आहे. १५५६ साल, जुन्या गोव्यातले सेंट पॉल कॉलेज, हिंदुस्थानातला पहिला छापखाना. शेवटचे वाक्यही पाठ आहे, त्यात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा असतात. मधली चार शतके फोंताइन्याशच्या घरांवरच्या फरशा आणि पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली जोर्ज कोलासोची निळी अझुलेजो चित्रे दाखवून भागवली जातात. मारियोंविषयी तक्रार नाही. लोटलीच्या त्या माणसाइतके गोंयकाराचे नाक कोणी ओळखलेले नाही. पण या सगळ्या इतिहासात शापोरा नदीच्या पलीकडे काहीच कसे घडत नाही, हा माझा जुना तंटा आहे. पेडण्यात, डिचोलीत छापखाना तरी कुठे होता, असा उलट प्रश्न एका विद्वानांनी मला भर सभेत केला होता. नव्हताच. छापखाना नसलेल्या मुलखाने चिन्हे कशी वाचली आणि काढली, तेच तर सांगायचे आहे.

छापखान्याची कथा मी उरकून घेतो. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. यंत्र आले, पण आपले अक्षर त्या यंत्रावर चढले नाही. पुढे छपाई बंद पडली आणि १८२१ च्या ‘गाझेता द गोवा’पासून पुन्हा सुरू झाली. त्यानंतरची गॅझेटे, फर्माने, परिपत्रके ज्यांना आवडतात त्यांनी पाहावीत. मला ती पाहताना जांभया येतात.

आमचे तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांच्या हाती उशिरा गेलेल्या मुलखातले. डिचोली १७८० नंतर लगेच आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी दोन्हींवर सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल. म्हणून आमची नजर जुन्या गोव्यात घडली नाही, ती वाडीच्या बाजारात घडली. वाडीच्या दशावतारी गंजिफा हातात धरून पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने. चिंचोक्याच्या खळीचे थर, वर खडू, त्यावर रंग आणि लाख. राजाच्या पानावर अवतार बसलेला, प्रधानाच्या पानावर प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत नुसती खूण: एक मासा, दोन मासे, दहा मासे. कासव, परशू यांचेही तसेच. गोल पानाला खाली-वर नसते, त्यामुळे दहा मासे असे मांडायचे की कुठूनही धरले तरी दहाच दिसावेत. आज कॉलेजात ‘लोगो’ शिकवतात त्यातले निम्मे धडे इथे आहेत. शिवाय अक्षरओळख नसलेला माणूस हा खेळ बिनचूक खेळत असे.

अक्षरच हवे असेल तर नार्व्याला जा. सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे नोव्हेंबर १६६८ ला उभारायला घेतले, त्याचा देवनागरी शिलालेख तिथे आहे. रोमन लिपीत छापलेले मराठी पुराण आणि दगडात कोरलेली देवनागरी यांच्यात अंतर अर्ध्या शतकाचेच. आणि कावीचे काम? शिंपल्यांच्या चुन्याचा लेप, त्यावर कावेचा लाल थर, तो ओला असतानाच लोखंडी काट्याने खरवडून काढलेली वेलबुट्टी. दोनच रंग, पण चुकीला जागा नाही. आमच्या देवळांच्या जीर्णोद्धारांनी ते बहुतेक गिळले. ग्रॅनाइट आणि चकचकीत फरशा बसवणाऱ्या समित्यांना याची खंत नाही.

सालाझारच्या राजवटीत आमच्याकडे छापायचे म्हटले तर लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या डोळ्याखालून जात असे. त्यामुळे छापील कागदाबद्दल लोकांच्या मनात एक धास्ती होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ती गेली आणि भिंती मोकळ्या झाल्या. माझ्या विषयाचा खरा सुकाळ इथून सुरू होतो.

१९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतकाची निशाणी सिंह, युनायटेड गोवन्सची हात. (काँग्रेसला हात मिळाला १९७८ मध्ये. गोव्यातल्या भिंतींवर तो त्याच्या कितीतरी आधी होता, हे दिल्लीच्या लेखकांना कोणी सांगत नाही.) सिंहवाल्यांचे नेते भाऊसाहेब बांदोडकर मूळ पेडण्याचे, तेव्हा आमच्या गावात सिंहाचे पीक आले. काव, नीळ आणि चुना एवढ्यावर पेंटर सिंह काढत. घरोघरचा सिंह वेगळा. एकाचा दशावतारातल्या नरसिंहासारखा, एकाचा भुकेल्या मांजरासारखा. आमच्या वाड्यावर जो पेंटर यायचा तो आयाळ आधी काढी आणि तोंड शेवटी. का, तर आयाळ पाहून पोरे ओळखतात, मग तोंड बिघडले तरी चालते. डिझाइनचा याहून चांगला पाठ मला पुढे कोणी दिला नाही.

मग आला जनमत कौल, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. आमच्याकडे, डिचोलीत, सत्तरीत फुलाचा जोर. मीही फुलाच्याच घरातला. पण चित्रकलेच्या हिशेबाने सांगतो, दोन पाने हे जास्त चांगले चिन्ह होते. ब्रशाचे दोन फटकारे आणि मधली शीर ओढली की काम झाले, कोणीही काढावे. फूल मात्र प्रत्येक जण आपले काढी. कोणाचे जास्वंद, कोणाचे कमळ, कोणाचे पाच पाकळ्यांचे, कोणाचे आठ. मतपत्रिकेवरचे फूल आणि भिंतीवरचे फूल एकच, हे म्हाताऱ्यांना समजावून सांगावे लागे. निकाल लागला तेव्हा विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते होती. ३४,०२१ चा तो फरक ब्रशामुळे पडला असे मी म्हणत नाही. त्याला राजकारणाची पुष्कळ कारणे होती. पण मार्चच्या निवडणुकीत त्याच लोकांनी विलीनीकरण मागणाऱ्या सिंहाला पुन्हा सत्ता दिली. लोक खुणा नीट वाचत होते, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? गोव्याच्या कलेवरच्या जाड पुस्तकांत या कौलाला दोन ओळी मिळतात. त्यातही चित्र नसते.

आता तुमच्या हातातल्या या अंकाकडे वळू. मराठी दिवाळी अंकाची प्रथा १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पाडली. त्याचे संपादक का. र. मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर, आणि आजगाव आमच्या सीमेला लागूनच. १९४५ पासून ‘दीपावली’ काढून अंकाला देखणे करणारे दीनानाथ दलाल मडगावचे. घराघरांतल्या भिंतींवर कॅलेंडरांतून देवादिक पोचवणारे आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुखपृष्ठे देणारे रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे, डिचोलीच्या वेशीवरचे. दलाल रेषेचे आणि सपाट रंगाचे, मुळगावकर गुळगुळीत छटांचे. माझे मत दलालांकडे झुकते, पण आमच्या तालुक्यांतल्या दुकानांत मुळगावकरांच्याच लक्ष्मीला उदबत्ती लागे. मुंबईच्या समीक्षकांनी दोघांना ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला सारले. ते समीक्षक आज कोणी वाचत नाही.

भिंतींवरच्या पेंटरांची परंपरा खाणींच्या भरभराटीत डिचोलीच्या ट्रकांनी चालवली. केबिनच्या वरच्या पट्टीलाच शिरोरेघ करून त्याखाली ‘श्री लईराई प्रसन्न’ लटकवणारे पेंटर साखळीपासून मुळगावपर्यंत होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये लीज रद्द झाल्या. ट्रक गंजले आणि ब्रश सुकले. उरलेले काम फ्लेक्सने खाल्ले. आता दुकानाचा बोर्ड, सत्यनारायणाची पूजा आणि आमदाराचा वाढदिवस यांचे अक्षर एकच, आणि ते संगणकाबरोबर फुकट आलेले. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून धारगळच्या रस्त्यावर कसिनो आणि बंगल्यांचे जंगी फलक उभे आहेत. त्यांतला एकही पेडणेकराशी बोलत नाही. त्याने तो वाचावा अशी अपेक्षाही नसावी.

पणजीच्या आल्तिन्योवर १९७२ पासून कला महाविद्यालय आहे, तिथे उपयोजित कलेचा विभागही आहे. तिथल्या मुलांना माझी विनंती आहे, एक पावसाळा संपल्यावर कॅमेरा घेऊन तेरेखोल ते साखळी फिरा. जुन्या दुकानांच्या पाट्या, देवळांच्या पडवीतली उरलीसुरली काव, ट्रकांची फळकुटे, जे दिसेल ते टिपा, पेंटर हयात असेल तर त्याचे नाव लिहून घ्या. आणि वाचकांना सांगणे एवढेच: माळ्यावर पत्र्याचा जुना बोर्ड असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका.